कोळसा आणि गोधडी

“मग दाब दुप्पट केला तर?” माताजींनी विचारलं.

मगदूम सरांनी ओठ आवळले. आले होते पोराला घरी न्यायला, आणि इथं पहिल्या वर्षाच्या वर्गातली तोंडी परीक्षा सुरू झाली होती.

“दुप्पट वायू धरेल,” ते म्हणाले. “सुरुवातीला.”

“सुरुवातीला...”

“हो. दाब कमी आहे तोवर.”

माताजींनी मान हलवली. बाहेर पाऊस थांबला होता. बस्तीच्या पागोळ्या तेवढ्या ठिबकत होत्या.

वारणेकाठच्या एका लहानशा गावातली ही बस्ती, म्हणजे जैनांचं मंदिर. मंदिराला लागून एक फरशीची खोली, आणि चातुर्मासात माताजींचा मुक्काम तिथंच. पावसाळ्याचे चार महिने त्यांना गाव सोडता येत नाही. अंगावर पांढरी साडी, शेजारी मोरपिसांची पिंछी, लाकडी कमंडलू. संसार म्हणावा तर एवढाच.

कोपऱ्यात दोन बायका ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मगदूम सरांना त्यांची मोठी अडचण वाटत होती. घरातलं उणंदुणं चारचौघांत काय काढायचं? पण माताजी पुरुषाला एकट्या भेटत नाहीत. नियम म्हणजे नियम, मग समोरचा विभागप्रमुख का असेना.

दीक्षा घेण्याआधी याच माताजी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. चौगुले मॅडम. त्यांचा सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत ताठ विद्यार्थी म्हणजे भरतेश मगदूम. पुढं त्यानं नाव काढलं. नारळाच्या करवंटीचा कोळसा कुठला वायू, किती दाबाला, किती धरतो, यातच उभा जन्म घातला. आता त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला, की प्रयोगशाळेतली कुजबुज थांबायची. आणि खरं सांगायचं तर हे त्याला आवडायचं.

मघाशी आल्या आल्या सरांनी माताजींपुढं श्रीफळ ठेवलं आणि हात जोडले.

“वंदामि, मॅडम...” जीभ घसरली. “माताजी.”

“मॅडम गेल्या,” माताजी हसून म्हणाल्या. “कधीच गेल्या. बस.”

खांद्यावरची जड पिशवी ते फरशीवर टेकवणार, तोच माताजींनी हात वर केला.

“थांब.”

त्यांनी पिंछी उचलली आणि पिशवीखालची जागा हलकेच झाडली. एक मुंगी होती. ती सावकाश बाजूला गेली.

“हं. आता ठेव.”

पिशवीत पुस्तकं होती. श्रेणिकसाठी आणलेली. सरांनी स्वतःच्या हातानं काढलेली टिपणंही होती, महत्त्वाच्या ओळी लाल शाईनं अधोरेखित केलेली. देवाकडं, गुरूकडं आणि लेकराकडं मोकळ्या हातानं जाऊ नये, असं त्रिशला म्हणायची. त्रिशला म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन वर्ष होत आलं होतं, पण तिचा हा शब्द सरांनी मोडला नव्हता.

श्रेणिक त्यांचा एकुलता एक. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. परीक्षेत नापास झाला आणि त्याच आठवड्यात घर सोडून इथं मावशीकडं येऊन राहिला. भांडण नाही, तंटा नाही. टेबलावर घराची किल्ली ठेवली आणि गेला.

आज सकाळी सर मावशीच्या दारात उभे राहिले, तर पोरगा बाहेरच आला नाही. आतल्या खोलीचं दार लावून बसला. राजमतीमावशीनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि खाली बघत बोलली, “दाजी, त्येला आता काय बी बोलू नगासा. माताजींकडं जाऊन या आधी. रोज तिथं जातोय त्यो.”

म्हणून ते इथं आले होते. बसल्या बसल्या त्यांनी सांगूनही टाकलं होतं, “श्रेणिकला न्यायला आलोय. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल तो. माझ्या हातून जातोय माताजी... एकच आहे मला.”

त्यावर माताजींनी काय विचारावं? अजून कोळशावरच काम करतोस का, म्हणून. आणि तिथून गाडी दाबावर आली होती.

“आणि आणखी वाढवला दाब?” माताजींनी धागा पुन्हा उचलला.

“मग तेवढ्या पटीनं धरत नाही. वाढ मंदावते.”

“आणखी?”

“आलेखाची रेघ आडवी पडते. मग कितीही दाब द्या, कोळसा जास्त घेत नाही.” सरांचा सूर चढला. “हे तुम्हीच शिकवलंय मला.”

“कसं शिकवलं होतं?”

सरांना आठवलं. आठवलं आणि मनाविरुद्ध थोडं हसूही आलं.

“पंगत.”

“हं?”

“स्पंज पाणी पितो तसा कोळसा वायू पीत नाही, म्हणाला होतात. वायू येऊन त्याच्या अंगावर बसतो, पंगतीला बसल्यासारखा. पानं मोजकी मांडलेली. आधी माणसं थोडी असतात, येईल त्याला पान मिळतं. मग गर्दी वाढते. पानं भरली की दारात कितीही रेटारेटी होऊ दे, आत जागा होत नाही.”

“जागा कधी होते?”

“बसलेला उठला की.”

“हं...”

तांदूळ निवडणाऱ्या बायकांपैकी एकीनं मान वर करून बघितलं. पंगतीचं तिला कळलं असावं.

“आणि तो उठतो कधी?” माताजींनी विचारलं.

“बाहेरचा दाब काढून घेतला की. थोडी ऊब दिली की लवकर.” सर घड्याळाकडं बघत म्हणाले. “माताजी, श्रेणिकचं...”

“येऊ त्याच्याकडं. मला सांग, कोळसा बरणीतून काढला आणि लगेच वायू सोडला. मग?”

“असं करतच नाहीत.”

“का?”

“बरणीत असला तरी तो रिकामा कुठं असतो? हवेतला ओलावा धरलेला असतो, कसले कसले वास धरलेले असतात. डोळ्यांना दिसत नाही. आधी तापवून, पंप लावून ते सगळं काढून घ्यावं लागतं. मगच मापायला बसायचं.”

“आणि नाही काढलं तर?”

“तर तो काही घेत नाही. घेतला तर नावाला.”

“ही चूक कुणी करतं?”

सर एकदम खुलले. हा किस्सा त्यांच्या आवडीचा होता. चहाच्या वेळी पाहुण्यांना ते तो हमखास सांगत.

“नवखी पोरं करतात. गेल्या वर्षी एकानं केली. हुशार म्हणून घेतला होता मी. या पठ्ठ्यानं कोळसा बरणीतून काढला, थेट नळीत भरला आणि वायू सोडला. कोळसा घेईना. यानं दाब वाढवला. तरी घेईना. आणखी वाढवला... शेवटी काचेचा सांधा तडकला. तेव्हा माझ्याकडं आला आणि म्हणतो, सर, हा कोळसा निकामी आहे!”

“मग?”

“सगळ्यांसमोर विचारलं, तापवला होतास का? मान खाली. उद्यापासून येऊ नकोस म्हटलं.”

“कोळशाला?”

“त्या पोराला, माताजी.”

“आणि कोळसा?”

“कोळशाचं काय?”

“निकामी होता?”

“छे! उत्तम होता. मी स्वतः तापवला. घाई नाही केली. हळूहळू, रात्रभर पंप लावून. काय काय धरलं होतं त्यानं, सगळं सुटून आलं. मग असा घेतला वायू, की अगदी थोड्या दाबालासुद्धा भरभरून.”

“म्हणजे दोष कोळशाचा नव्हता.”

“कोळशाचा कधीच नसतो. तो आधी काय धरून बसलाय, हे बघायचं असतं. एवढी अक्कल नको का शिकवणाऱ्याला... म्हणजे, प्रयोग करणाऱ्याला?”

बोलून सर जरा सैलावले. कोळशावर बोलताना ते नेहमीच मोकळे व्हायचे. इतकं मोकळं ते घरी कधी बोलले नव्हते.

माताजींनी पिंछी मांडीवर घेतली.

“आता श्रेणिकचं सांग.”

“त्याचं काय सांगायचं? पालथ्या घड्यावर पाणी.”

“आधीपासून?”

“नाही. आधी चांगला होता. त्रिशला होती तोवर...” सर अडखळले. “ती गेल्यावर पोराचं चित्तच उडालं. पुस्तक समोर, नजर भिंतीवर. म्हटलं, असं सोडून चालणार नाही. मी स्वतः शिकवायला घेतलं. संध्याकाळी एक तास.”

“घेतलं त्यानं?”

“थोडं घेतलं. म्हणून दोन तास केले.”

“मग?”

“मग... म्हणावं तसं नाही. पहाटेही बसवायला लागलो. सुट्टीच्या दिवशी दुपारीही. मित्र बंद केले. मावशीकडं जाणं बंद केलं. जितकं जास्त शिकवावं, तितकं...”

सर थांबले. आपणच काय बोलतोय, ते त्यांच्या कानावर पडलं. पण माणूस इतक्या सहज हरत नाही. त्यांनी घसा साफ केला.

“शेवटी निकाल लागला. घरी पाहुणे होते, त्यांच्यासमोरच मी म्हणालो, दगड आहे हा, याच्यात काही शिरायचं नाही. रागात माणूस बोलतो. बाप आहे मी.”

माताजींनी पिंछीची पिसं बोटांनी सारखी केली.

“बोललो ते वाईट होतं, मान्य आहे मला. पण घडाच पालथा असेल तर...”

“पालथा होता?” माताजींनी हळूच विचारलं. “की भरलेला?”

...

कोपऱ्यात ताटातले तांदूळ सळसळायचे थांबले.

“श्रेणिक इथं येतो,” माताजी म्हणाल्या. “त्या खांबाला टेकून बसतो. मी त्याला काही विचारत नाही. पहिले कितीतरी दिवस तोंडातून शब्द नव्हता. मग एके दिवशी आपणहून बोलला.”

“काय बोलला?”

“एकच वाक्य.”

“माझ्याबद्दल?”

“नाही. म्हणाला, गोधडीला आता साबणाचा वास येतो.”

मगदूम सर बसल्या जागी आक्रसले.

त्रिशला छातीच्या दुखण्यानं गेली. शेवटचे महिने ती सतत निलगिरीचं तेल चोळून घ्यायची, आणि घट्ट शिवलेली एक जुनी गोधडी पांघरून पडायची. तिच्या आईच्या लुगड्यांची होती ती. त्रिशला गेल्यावर श्रेणिकनं ती गोधडी स्वतःच्या खोलीत नेली. रोज पांघरून झोपायचा. दार उघडलं की निलगिरीचा वास यायचा, आणि त्याखाली दबलेला आणखी एक. तो कशाचा, हे सरांनाही ठाऊक होतं. म्हणून ते त्या खोलीत फार वेळ थांबत नसत.

एका रविवारी, श्रेणिक बाहेर गेलेला असताना, त्यांनी ती गोधडी उकळत्या पाण्यात घातली. सोडा टाकला, साबण लावला, दोनदा खळबळून काढली. घरात आजाराचा वास नको, पोराचं लक्ष अभ्यासात लागेल, असं स्वतःला सांगितलं. मग कडक उन्हात वाळत घातली.

वास कशानं सुटतो हे या माणसाला सांगायला नको होतं. ज्यानं आयुष्यभर तेच केलं, त्यानं ते कामही चोख केलं. दोरावरून गोधडी उतरली, तेव्हा तिच्यात आई उरली नव्हती.

श्रेणिक परत आला, दोराजवळ गेला, गोधडीत तोंड खुपसून उभा राहिला. बराच वेळ. मग आत आला आणि पुस्तक उघडून बसला. सरांना तेव्हा बरं वाटलं होतं. म्हटलं, आला पोरगा ताळ्यावर.

“मी धुतली...” सर म्हणाले.

“हं.”

“मीच धुतली ती.”

“हं.”

“त्याला काय धरून ठेवायचं होतं, आणि मी...” पुढचं त्यांना जुळेना. उभ्या जन्माचं ज्ञान हाताशी होतं, आणि एका वाक्यापुरतं कामाला येत नव्हतं. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, तो असा. “एक दिवस रडला होता तो. ती गेली त्या रात्री. जोरात रडत होता. मी म्हटलं, रडून आई परत येणार आहे का? ऊठ, तोंड धू. उठला तो. मग परत कधी रडला नाही.”

“आणि तू?”

“मी काय?”

“तू कधी रडलास, भरतेश?”

“मला कुठं वेळ होता, माताजी... दवाखान्याचं आवरायचं होतं, लोक येत होते. मग कॉलेज सुरू झालं. मग त्याचा अभ्यास...” ते स्वतःच्या तळव्यांकडं बघत होते. “त्या गोधडीला हात लावला तेव्हा ती गरम लागली होती. उन्हानं. मला वाटलं...”

काय वाटलं, ते त्यांनी सांगितलं नाही. आधी खांदे हलले, मग मान खाली गेली. आणि मग ज्या माणसाच्या चपलांच्या आवाजानं पोरं गप्प व्हायची, तो दोन अनोळखी बायकांसमोर मोठ्यानं रडायला लागला. त्यांनी तोंडावर हात दाबला. हुंदका बोटांतून बाहेर आला. लाज वाटत होती आणि थांबता येत नव्हतं.

एक बाई पाण्याचं भांडं घेऊन उठली. माताजींनी तिला नजरेनं खाली बसवलं.

“येऊ दे,” त्या म्हणाल्या.

एवढंच. पाठीवर हात नाही, समजूत नाही. माताजी डोळे मिटून समोर बसून राहिल्या, जणू त्यांना दुसरं कुठलंच काम नव्हतं. बायकांनी पुन्हा ताटं ओढली आणि तांदळाचा सळसळ आवाज सुरू झाला. सरांना त्या आवाजाचा आधार वाटला.

पागोळ्या थांबल्या. उन्हाचा एक पट्टा दारातून आत आला आणि पुस्तकांच्या पिशवीपर्यंत सरकला.

बऱ्याच वेळानं सरांनी उपरण्यानं तोंड पुसलं. छाती दुखत होती, पण श्वास खोलवर जात होता. किती दिवसांनी कोण जाणे. त्रिशलाचा चेहरा आठवायला गेलं की तिची औषधं आठवायची. आज चेहराच आठवला, आणि पुन्हा डोळे भरून आले.

“श्रेणिक कुठं असेल आता?” त्यांनी विचारलं.

कोपऱ्यातली थोराड बाई बोलली, “मगाशी आला हुता की दारापतोर. तुमच्या चपला बघितल्या, अन् मागं फिरला. घाटावर बसला आसंल.”

सर दाराकडं बघत राहिले. उंबऱ्याबाहेर त्यांच्या चपला होत्या. चांगल्या कातडी, जाड तळव्यांच्या. पोरगा त्या बघूनच परत गेला होता. त्यांचा आवाजसुद्धा ऐकावा लागला नव्हता.

“मी रडताना आला होता?”

“व्हय. थोडा येळ उभा ऱ्हायला,” ती म्हणाली. “मग गेला.”

तो काय समजून गेला असेल? जवळ आला असेल की आणखी लांब? सरांना काहीच सांगता येईना. कोळसा असता तर त्यांनी मापून सांगितलं असतं.

“माताजी,” ते म्हणाले, “त्यानं आत धरलेलं आता सुटेल का सगळं... की उशीर झाला?”

“मला नाही माहीत.”

“परत येईल तो?”

“मला नाही माहीत, भरतेश.”

“तुम्हाला तरी माहीत असायला हवं होतं!” ते लहान मुलासारखे बोलून गेले. चौगुले मॅडमना येत नाही असा प्रश्न त्यांनी वर्गात कधी ऐकला नव्हता.

माताजींच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं. ते त्यांनी लपवलं नाही.

“काही वायू असे असतात,” त्या म्हणाल्या, “की दाब काढला तरी सुटत नाहीत. तूच शिकवतोस ना?”

“हो... पृष्ठभागाशी जोडले जातात.”

“त्यातलं काय आणि किती, ते आधी कळतं?”

“नाही. काढून बघावं लागतं.”

“हं...”

माताजींची सामायिकाची, ध्यानाला बसायची वेळ होत आली होती. बायका ताटं उचलून उठल्या. सरांनी हात जोडले आणि गुडघ्यांवर जोर देत ते उभे राहिले. एका तासात दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

“घाटावर जातो,” ते म्हणाले. “त्याच्याजवळ बसतो. पण त्याला काय सांगू?”

त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं.

“माफी मागू? की आईबद्दल बोलू? ही टिपणं मी त्याच्यासाठी रात्री जागून काढलीत, एवढं तरी सांगू का? त्याला कळायला नको का, की मी...”

बोलता बोलता ते वाकले आणि सवयीनं त्यांचा हात पिशवीच्या बंदाकडं गेला.

माताजींनी पिंछी उचलली आणि हात व पिशवी यांच्या मधोमध, फरशीवर अलगद ठेवली.

हात तिथंच थांबला.

“त्रिशला म्हणायची...” सर पुटपुटले. “लेकराकडं मोकळ्या हातानं जाऊ नये.”

“बरोबर म्हणायची ती,” माताजी म्हणाल्या. “तू मात्र रिकाम्या हातानं जा.”